फाइट स्टिकचा कोपरा लागत नाही: नवी स्टिक मागवण्याआधी काय तपासायचं

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फाइट स्टिकची (मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठीचा दांडा आणि बटणं असलेला खोका) तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात असते: 'हाडोकेन मारायला जातो आणि नुसता पंच पडतो.' (हाडोकेन म्हणजे 'स्ट्रीट फायटर'मधली, स्टिक पाव गोल फिरवून पंचचं बटण दाबायची चाल.) त्याच्या पाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं: 'स्टिक गेली वाटतं, नवी कुठली घेऊ?' स्टिक क्वचितच गेलेली असते. गेलेली असते ती एखादी वायर, एखादा ढिला लग (वायरीच्या टोकाचं, बटणाच्या किंवा स्विचच्या पायावर बसणारं धातूचं टोपण), एखादा मायक्रोस्विच (दिशा किंवा बटण नोंदणारा छोटा स्विच). कधीकधी तर काहीच गेलेलं नसतं, नुसता एक छोटा खटका भलत्या जागी सरकलेला असतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि सोल्डरिंगपर्यंत जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका.

लक्षणं

तुमचं यातलं कुठलं ते आधी ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. खोका उघडल्यावर चार वायरी हलतात, मग मूळ काय होतं ते आठवत नाही.

- पाव गोल फिरवला (खाली, खाली-पुढे, पुढे), पण मधला कोपरा नोंदलाच गेला नाही.
- पुढे दाबून धरलंय, तरी खेळाडू क्षणभर अडखळतो आणि परत चालू लागतो.
- स्टिक सोडली तरी खेळाडू एका बाजूला चालतच राहतो, किंवा सारख्या उड्या मारतो.
- सरळ वर ढकललं तरी तिरकी उडी पडते.
- चारही दिशा एकदम बंद, बटणं मात्र ठणठणीत.
- शेजारशेजारची तीन-चार बटणं एकदम बंद.
- एक बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं, किंवा जोर दिल्याशिवाय लागत नाही.
- खेळता खेळता अख्खी स्टिकच सुटते आणि आपोआप परत जोडली जाते.

यातलं पहिलं लक्षण सगळ्यात जास्त दिसतं, त्याला कारण आहे. आर्केड स्टिकच्या खाली चारच स्विच असतात: वर, खाली, डावा, उजवा. कोपऱ्याला वेगळा स्विच नसतो. शेजारचे दोन स्विच एकाच वेळी दाबलेले असले की बोर्ड त्याला कोपरा समजतो. म्हणजे एक जरी स्विच अशक्त झाला, उशिरा लागू लागला, की सरळ दिशा अजून ठीक वाटतात आणि कोपरे मात्र गळायला लागतात. कोपरा गेला ही पुढच्या बिघाडाची पहिली सूचना समजा.

खटके आणि मोड

बाजारात मिळणाऱ्या तयार स्टिकवर बहुधा वरच्या किंवा मागच्या बाजूला एक सरकता खटका असतो. त्यावर एलएस (डावी ॲनालॉग दांडी), डीपी (डी-पॅड, म्हणजे दिशांची बटणं), आरएस (उजवी दांडी) अशी अक्षरं असतात. तो डीपीवर हवा. एलएसवर गेला की बोर्ड तुमच्या दिशा डाव्या ॲनालॉग दांडीच्या म्हणून पाठवतो. काही गेम ते चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि मग 'एका गेममध्ये चालते, दुसऱ्यात नाही' अशी कोड्यात टाकणारी तक्रार येते. स्टार्ट बटण गोठवणारं लॉक आणि टर्बो हेही बघून घ्या. बटण एकदा दाबून दहादा लागत असेल तर तो स्विचचा दोष नाही, टर्बो चालू आहे.

आपल्याकडे घरी बनवलेल्या बहुतेक खोक्यांत 'झिरो डिले' नावाने विकला जाणारा स्वस्त यूएसबी बोर्ड असतो. त्यावरही मोडचं बटण जोडायची सोय आहे. ते चुकून दाबलं गेलं तर दिशांची तऱ्हा बदलते. त्या नावावर फार विश्वास ठेवू नका, पण बोर्ड टिकाऊ आहे.

केबल आणि पोर्ट

अख्खी स्टिक सुटून परत जोडली जात असेल तर स्टिकच्या पोटात शिरायची अजून गरज नाही. यूएसबी हब काढा, थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला लावा. केबल सुटी होणारी असेल तर दुसरी लावून बघा. पक्की असेल तर ती खोक्यातून बाहेर येते त्या जागी हळूच वाकवून बघा, कारण केबल तिथेच तुटते. खेळून झालं की केबल खोक्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्यांच्या बाबतीत तर हमखास तिथेच.

स्क्रीन काय सांगतेय ते वाचा

ही तपासणी फुकट आहे आणि अर्धं निदान इथेच होतं, तरी लोक ती टाळतात. विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' उघडा. तिथे दिशा आणि बटणं दाबताना दिसतात. पण त्याहून चांगली जागा म्हणजे गेमचा ट्रेनिंग मोड. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये इनपुटची यादी चालू केली की प्रत्येक बाणाशेजारी तो किती फ्रेम धरला होता तो आकडा दिसतो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. माणसाचा हात एका फ्रेमसाठी स्टिक सोडून परत धरू शकत नाही. लूज कॉन्टॅक्ट मात्र ते सहज करतो.

म्हणून असं करा. पुढे दाबून धरा आणि हात हलवू नका. आकडा सलग वाढत राहिला पाहिजे. मध्येच एखादी ओळ तुटून 'न्यूट्रल १' (म्हणजे एक फ्रेम स्टिक मध्यात) असं आलं आणि परत पुढचा बाण सुरू झाला, तर चूक तुमच्या हाताची नाही, त्या दिशेच्या मार्गात कुठेतरी संपर्क तुटतोय. चारही दिशा आणि चारही कोपरे असेच धरून बघा. एकाच सरळ दिशेत तूट दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांतही दिसली, तर गुन्हेगार तो एक स्विच किंवा त्याची वायर. चारही दिशा एकदमच तुटत असतील तर चार स्विच एकाच दिवशी मरत नाहीत. चौघांची सामाईक वायर बघायची.

आणि सगळं स्वच्छ दिसलं, तरी हाडोकेन येत नसेल? मग नंबरपॅडच्या भाषेत बघा: २ (खाली), ३ (खाली-पुढे), ६ (पुढे) असं हवं. यादीत २, ३ आणि मग ६ यायच्या आधीच बटण दिसत असेल तर हात घाई करतोय. त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, सराव लागतो. हे ऐकून काही जण नाराज होतात.

खोका उघडा, पण नुसतं बघा

आधी यूएसबी काढा. तळाचे स्क्रू काढून झाकण हळू उचला, कारण काही खोक्यांत वायरी झाकणालाही अडकवलेल्या असतात. मोबाइलने फोटो काढा, एक वरून, एक प्रत्येक बाजूने. आता शोधा: सुटून लोंबणारी वायर, बटणाच्या पायावर अर्धाच बसलेला लग, हिरवट पडलेलं पितळ. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यानंतर हा हिरवा रंग जास्त दिसतो. दमट हवेत स्टिक कपाटात न ठेवता उघडी ठेवली की लग आणि ई-क्लिप (दांडा तळाशी धरून ठेवणारी ई आकाराची छोटी क्लिप) दोन्ही खराब होतात. चिवड्याचे कण तर ठरलेलेच.

लग आणि कनेक्टर

आता प्रत्येक लग बोटांनी हलकेच ओढून बघा. तो सहज निघून आला तर तिथे थांबा, दोष बहुधा सापडला. जपानी पद्धतीच्या बटणांना २.८ मिमीचे लग लागतात. अमेरिकी पद्धतीच्या मोठ्या मायक्रोस्विचला ४.८ मिमीचे. किटमध्ये दोन्हींची सरमिसळ झालेली असते, आणि मोठा लग लहान पायावर बसल्यासारखा दिसतो. टेबलावर चालतो. सामन्यात दणके बसले की सुटतो. योग्य मापाचा पण ढिला झालेला लग पकडीने अगदी किंचित दाबा. एकदम चेपलात तर तो पायावर चढणारच नाही, आणि जोर लावलात तर बटणाचा पाय मुळातून उखडेल.

सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ स्टिकला पाच वायरींचा एकच कनेक्टर असतो: चार दिशा आणि एक सामाईक ग्राउंड, सान्वाच्या वायरीत ती काळी असते. तो कनेक्टर पूर्ण काढा आणि परत नीट बसवा. नुसता दाबून पुढे जाऊ नका. काढून लावल्याने पिनांवरचा पातळ थर घासला जातो आणि बऱ्याच स्टिक इथेच बऱ्या होतात.

यानंतर यूएसबी जोडून, झाकण उघडं ठेवून, एक दिशा दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने वायरी एकेक करून हलवा. नजर स्क्रीनवर. जी हलवल्यावर बाण तुटतो ती वायर. यूएसबीवर ५ व्होल्टच असतात, त्यामुळे हाताला धोका नाही. पण सुटा स्क्रू बोर्डावर पडू देऊ नका.

ग्राउंडची साखळी

शेजारशेजारची बटणं एकदम गेली की लोक बोर्ड जळाला म्हणतात. तसं नसतं. प्रत्येक बटणाला दोन पाय असतात. एका पायाची वायर त्याच्या स्वतःच्या सिग्नलची, दुसऱ्याची ग्राउंडची. ग्राउंड सगळ्यांचं एकच असल्यामुळे बऱ्याच खोक्यांत एकच वायर या बटणावरून त्या बटणावर अशी ओवत नेलेली असते. तिचा एक लग सुटला की त्याच्या पुढची सगळी बटणं मरतात, अलीकडची मात्र चालू राहतात.

म्हणून मेलेल्या बटणांकडे पाहू नका. साखळीच्या क्रमाने जा आणि शेवटचं जिवंत बटण नि पहिलं मेलेलं बटण यांच्यामधला तुकडा तपासा. लग बऱ्याचदा वरून नीट दिसतो आणि आत तार क्रिम्पमधून (लगचा तार दाबून धरणारा भाग) निसटलेली असते. वेष्टन तेवढं धरून असतं. लग आणि तार वेगवेगळ्या हातांत धरून ओढलं की कळतं.

झिरो डिले बोर्डावर ही साखळी नसते, तिथे प्रत्येक बटणाला स्वतःची दोन वायरींची जोडी असते. तिथे एकाच वेळी अनेक बटणं मेली तर मी बोर्डाकडे संशयाने बघतो.

स्टिक की वायर? तुकड्याची चाचणी

इथवर काही सापडलं नसेल तर आता स्टिकला, म्हणजे खोक्यातल्या दांड्याच्या भागाला, निर्दोष किंवा दोषी ठरवायचं. एक छोटा वायरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं सोलून. स्टिकचा कनेक्टर काढा. बोर्डाकडून येणाऱ्या कनेक्टरमधल्या ग्राउंडच्या पिनेला एक टोक आणि गळणाऱ्या दिशेच्या पिनेला दुसरं टोक टेकवा. स्विच आतून हेच करतो, तुम्ही फक्त त्याचं काम हाताने केलंत. स्क्रीनवर बाण स्थिर दिसला तर वायर आणि बोर्ड दोन्ही निर्दोष, दोष स्टिकमध्ये. नाही दिसला तर स्टिकला हात लावायची गरजच नाही. फक्त यूएसबीच्या लाल वायरीपासून हा तुकडा लांब ठेवा. ती ५ व्होल्टची आहे आणि ग्राउंडला टेकली तर कॉम्प्युटरचा पोर्ट बंद पडू शकतो.

सुट्या मायक्रोस्विचची स्टिक असेल तर अजून सोपं. डाव्या आणि उजव्या स्विचच्या सिग्नलच्या वायरी अदलाबदल करा. आधी स्क्रीनवर 'उजवा' गळत होता. आता 'डावा' गळू लागला तर दोष उजव्या स्विचमध्ये. अजूनही 'उजवा'च गळतोय तर दोष त्या वायरीत किंवा बोर्डात. वायरी परत जागेवर लावायला विसरू नका, नाहीतर पुढचा अर्धा तास भलताच गोंधळ.

दोनचारशे रुपयांचा मल्टिमीटर असेल तर कन्टिन्युइटीवर (संपर्क जुळतो का ते दाखवणारी सेटिंग) ठेवून स्विच बोटाने दाबून बघा. सुट्या स्विचला तीन पाय असतात: कॉमन, दाबल्यावर जुळणारा, आणि दाबल्यावर तुटणारा. वायर चुकून तिसऱ्यावर बसली तर स्टिक सोडलेली असतानाच दिशा लागलेली दिसते. 'आपोआप उड्या मारतो' या तक्रारीमागे, विशेषतः नव्याने जोडलेल्या खोक्यात, हेच असतं. ओहमवर ठेवलात तर चांगला स्विच जवळपास शून्य दाखवतो. प्रत्येक दाबाला आकडा वेगळा येत असेल तर तो स्विच संपला.

बदल करून ओढवलेले बिघाड

इथे जरा थांबतो, कारण बिघाड म्हणून आलेल्या कितीतरी स्टिक खरं तर हौसेने बदललेल्या असतात. विचारलं की आधी नाही म्हणतात, मग आठवतं.

सर्वांत वरचा क्रमांक मोठ्या ॲक्च्युएटरचा. दांड्याच्या खालच्या टोकाला जी प्लास्टिकची टोपी स्विचला ढकलते ती ॲक्च्युएटर. ती किंचित जाड घातली की स्विच लवकर लागतो, स्टिक चपळ वाटते. पण मग शेजारचा स्विचही लवकर लागतो. 'सरळ वर ढकललं की तिरकी उडी' हे लक्षण जवळजवळ नेहमी इथून येतं. त्यावर उपाय स्विच बदलणं नाही, मूळ ॲक्च्युएटर परत घालणं.

दुसरा बदल कडक स्प्रिंगचा. जेएलएफमध्ये सेइमित्सू या दुसऱ्या कंपनीच्या एलएस-५६ स्टिकची स्प्रिंग घालायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. स्टिक मध्याला झपकन परत येते. 'टेकन' या गेममध्ये 'इलेक्ट्रिक' ही चाल मारणाऱ्याला हे मोलाचं, कारण तिथे पुढे केल्यावर मध्याला येणं हाही चालीचा भाग आहे: पुढे, मध्य, खाली, खाली-पुढे. मध्य नोंदला गेला नाही तर चाल नाही. पण कडक स्प्रिंगचा सगळा भार तळाच्या एका ई-क्लिपवर येतो. ती गंजलेली किंवा एकदा वाकवून परत बसवलेली असेल तर निसटते. स्टिक अचानक ढिली पडून वर उचलली गेली, तर ई-क्लिप खोक्यात शोधा.

तिसरा, अष्टकोनी गेट. दांडा कुठवर जाऊ शकेल ते खालचं प्लास्टिकचं गेट ठरवतं. चौकोनी गेटला कोपरे मोकळे असतात आणि ते हाताला स्वतंत्र जाणवतात. अष्टकोनीत कोपऱ्याला दांडा तितका लांब जात नाही. जुना स्विच उशिरा लागत असेल तर चौकोनीत तो कोपरा निभावून जातो, अष्टकोनीत गळतो. गेट बदलल्यानंतर कोपरे गेले असतील तर जुनं गेट लावून बघा. कोपरे परत आले तरी स्विच म्हातारा झालाय हे ध्यानात ठेवा. लहानपणी पार्लरमध्ये एक रुपयाला 'मुस्तफा' खेळून तयार झालेल्या पिढीला अष्टकोनी गेट का आवडतं ते मला समजतं, पण सल्ला विचाराल तर चौकोनीच ठेवा.

स्टिक खोलणं

तुकड्याच्या चाचणीने स्टिक दोषी ठरली असेल तरच इथे या. जेएलएफचा वरचा गोळा काढायला दांड्याच्या तळाला खाच असते. तिथे चपटा स्क्रू ड्रायव्हर धरा आणि गोळा फिरवा. खालचं गेट चापांनी अडकलेलं असतं, ते सोडवा, मग स्विचची पट्टी. ॲक्च्युएटर स्प्रिंगच्या विरुद्ध दाबून धरला की ई-क्लिप मोकळी दिसते. ती उडते. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काढा, मग उडाली तरी पिशवीतच राहील. भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने टेबलावर रांगेत मांडा.

जुना वंगण आणि धूळ कोरड्या कापडाने पुसा. दांडा जिथे टेकून फिरतो त्या गोल भागाला प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पुसटसं लावा, इतर कुठेही नाही. गंज सोडवणारे स्प्रे स्विचवर मारू नका. आज चालेल, पण तो तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि काही प्लास्टिक ठिसूळ करतो. ॲक्च्युएटरवर घासून सपाट झालेला पट्टा दिसला तर तोही बदला.

स्विच बदलताना: सान्वाची चार स्विचची पट्टी अख्खी बदलता येते, सोल्डर लागत नाही. सुटे मायक्रोस्विच चापातून निघतात, पण चारही एकदम बदला. एकच नवा घातला की तो इतर तिघांपेक्षा वेगळा लागतो आणि हाताला खटकत राहतो. बटण दोनदा लागत असेल तर ते सरळ बदला, ३० मिमीचं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये डिबाउन्स (एका दाबानंतर लगेचचे दाब न मोजण्याची वेळ) वाढवून तो दोष लपवता येतो, पण झिजलेला संपर्क झिजतच राहतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधताना जुनं बटण खिशात घेऊन जा. मायक्रोस्विच, लग, वायर तिथे मिळते. सान्वाचे अस्सल भाग मात्र बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात.

इथे थांबा

बोर्डाला जळका वास येत असेल, जोडल्याबरोबर तो गरम होत असेल, किंवा विंडोज पोर्टवर जास्त करंट गेल्याचा इशारा देत असेल, तर परत जोडून बघू नका. यूएसबीचं सॉकेट बोर्डावरून उचकटलं असेल आणि तुम्ही आधी कधी सोल्डरिंग केलं नसेल, तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्या. त्याच्यासाठी ते रोजचं काम आहे, तुमच्या पहिल्या प्रयत्नात तांब्याची पट्टी उखडते. वॉरंटी शिल्लक असलेली स्टिक उघडूच नका. बिनतारी स्टिकमधली बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग बंद, दाबायची नाही, टोचायची नाही, थेट माहितगाराकडे.

आणि जुनं आर्केड कॅबिनेट असेल तर मागचं दारच उघडू नका. स्टिक आणि बटणं पुढच्या पॅनेलमधून काढता येतात. मागे २३० व्होल्टचा पुरवठा असतो, आणि काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. तिथे सीआरटीचं, म्हणजे अशा जुन्या मॉनिटरचं, काम येणारा टीव्ही मेकॅनिकच हवा.

दुरुस्तीला देताना नुसतं 'स्टिक चालत नाही' म्हणू नका. कुठली दिशा गळते, तुकड्याने ती लागते का, वायरी अदलाबदल केल्यावर काय झालं, आतला कुठला भाग बदललेला आहे, एवढं चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा. कुरिअरने पाठवणार असाल तर गोळा काढून वेगळा बांधा. तो दांड्यावर राहिला आणि वर वजन पडलं, तर दांडा वाकून येतो.